खुनाच्या कादंबरीतला डॉक्टर वेळ सांगतो, ती कितपत खरी?

ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही जुळे सोलापुरात राहता, बँकेतून निवृत्त झालात आणि गेल्या दोन महिन्यांत लागोपाठ खुनाच्या कादंबऱ्या वाचल्यात. अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स', केइगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' आणि भावाच्या माळ्यावर सापडलेली बाबूराव अर्नाळकरांची पाच-सहा पुस्तकं. पुढच्या चार उशाशी तयार आहेत: ख्रिस्तीचीच 'अँड देन देअर वर नन', सेइशी योकोमिझोची 'द होनजिन मर्डर्स', रिचर्ड ओस्मानची 'द थर्सडे मर्डर क्लब' आणि ब्योमकेश बक्षीच्या कथांचा इंग्रजी अनुवाद. तुम्ही विचारता, की डॉक्टर येतो, मृतदेहावर वाकतो आणि मृत्यूची वेळ सांगतो, हे खरंच असं होतं का? विषांबद्दल लिहिलेलं खरं असतं का? हे सगळं कळल्यावर वाचायची गोडी जाईल का? आणि या चार कोणत्या क्रमाने वाचाव्यात?

माझी नोकरी न्यायवैद्यकशास्त्र शिकवण्यात आणि पीएम, म्हणजे शवविच्छेदनं, करण्यात गेली. घरी मात्र मी तुमच्यासारखाच रात्री एक वाजेपर्यंत 'एवढं एक प्रकरण' म्हणत बसणारा वाचक आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो.

वेळेचं आधी. कादंबरीतल्या डॉक्टरचं सगळ्यात खोटं वाक्य म्हणजे 'मृत्यू सव्वानऊ ते पावणेदहाच्या दरम्यान झाला.' इतकं नेमकं कुणालाच सांगता येत नाही. आम्ही कागदावर लिहितो 'तपासणीपूर्वी सहा ते बारा तास', कधी 'बारा ते चोवीस तास', आणि कोर्टात वकिलाने कितीही घासलं तरी तो पट्टा कमी करत नाही. कारण ज्या खुणांवरून आम्ही वेळ काढतो, त्या सगळ्या हवेवर, कपड्यांवर, शरीराच्या बांध्यावर, माणूस मरण्याआधी पळाला होता की झोपला होता यावर बदलतात.

त्यातही या कादंबऱ्यांचं घड्याळ इंग्लंडच्या हवेवर लावलेलं असतं. तिथे शरीर तासातासाला थंड होत जातं, म्हणून अंगाला हात लावून डॉक्टर काही एक अंदाज करू शकतो. आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. जिवंत माणसाचं तापमान ३७ अंश. बाहेर त्याहून गरम असेल, तर शरीर थंड व्हायचंच कसं? उलट ते तापतं. अंग आखडणं इथे उन्हाळ्यात लवकर सुरू होतं आणि लवकर ओसरतं. थंडीत ते चोवीस ते अठ्ठेचाळीस तास टिकतं, तर उन्हाळ्यात साधारण अठरा ते छत्तीस. पोटाच्या उजव्या बाजूला खाली हिरवट डाग दिसणं ही कुजण्याची पहिली खूण. उन्हाळ्यात ती बारा-अठरा तासांत दिसते, हिवाळ्यात एक-दोन दिवस लागतात. म्हणजे जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतलं घड्याळ वेगळं आणि अक्षय तृतीयेचं वेगळं.

एक प्रकरण सांगतो. गाव सांगत नाही, वर्षही नाही. मे महिना. शेतातल्या वस्तीवर पत्र्याच्या खोलीत एकटा राहणारा म्हातारा दुपारी दोनच्या सुमाराला मृत सापडला. दाराला आतून कडी होती. पुतण्याने दार फोडलं. म्हातारा बाजेजवळ पालथा पडलेला, कपाळाला जखम आणि लोखंडी पेटीच्या कडेला थोडं रक्त. त्याच दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला पुतण्या बांधावरून त्या दारात उभा राहून भांडत होता, हे शेजारच्या वस्तीवरच्या चौघांनी ऐकलेलं. पाचच्या सुमाराला मयत आमच्याकडे आलं. सोबतचे हवालदार म्हणाले, "साहेब, आम्ही उचलला तेव्हा अंग गरम होतं. नुकताच गेलाय." पुतण्या बाहेर कडुलिंबाखाली बसवलेला होता आणि त्याचे हात थरथरत होते. सकाळी भांडण, गरम अंग, फुटलेलं कपाळ, त्यानेच फोडलेलं दार. कुठल्याही कादंबरीत तो पहिल्या पन्नास पानांचा संशयित झाला असता.

टेबलावर वेगळंच दिसलं. रक्त अंगाच्या पुढच्या बाजूला साकळून पक्कं झालेलं होतं, बोटाने दाबून फिकं होत नव्हतं. जबडा आणि मान आखडून आता सैल पडायला लागली होती. उजव्या कुशीत हिरवट डाग होता. जठरात ओळखू येईल अशी ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी होती, म्हणजे जेवण आणि मृत्यू यांच्यात फार वेळ गेलेला नव्हता. जठराचं काम घाबरल्याने किंवा आजारानेही मंदावतं, म्हणून एकट्या त्या खुणेवर मी कधी विसंबत नाही, पण इथे सगळ्या खुणा एकाच बाजूला बोट दाखवत होत्या: आदल्या रात्रीकडे. कपाळाच्या जखमेभोवती रक्तस्राव अगदी थोडा होता. हृदय उघडलं तेव्हा डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली सापडली. म्हातारा रात्री जेवला, उठताना छातीत कळ आली आणि तो पेटीवर कोसळला.

मी कागदावर फक्त तासांचा पट्टा लिहिला होता. पुढचं काम त्या ठाण्याच्या फौजदारांनी केलं, आणि ते मला आजही आठवतं. ते शेजाऱ्यांकडे परत गेले आणि एकच गोष्ट विचारली: पुतण्या ओरडत होता ते ऐकलंत, पण म्हाताऱ्याचा आवाज कुणी ऐकला का? चौघंही गप्प झाले. कुणीच ऐकला नव्हता. पुतण्या बंद दाराशी एकटाच भांडत होता आणि काका रागाने बोलत नाही असं समजून निघून गेला होता. म्हातारा रोज आठला जेवतो हे शेजारणीने सांगितलं, आणि माझा बारा तासांचा पट्टा दोन तासांवर आला.

ताई, तुम्हाला जे सांगायचं आहे ते या प्रकरणात आहे. शरीर वेळेचा पट्टा देतं. नेमकी वेळ माणसांच्या सवयी देतात: कोण किती वाजता जेवतं, कुणाच्या दाराला दिवसा कडी नसते, दूधवाला कधी येतो, कुत्रं कुणावर भुंकत नाही. चांगला रहस्यकादंबरीकार हे ओळखून असतो. तो मृतदेहाचं वर्णन दोन ओळींत उरकतो आणि घरातल्या दिनक्रमावर वीस पानं खर्च करतो. वाचताना ती वीस पानं कंटाळवाणी वाटतात आणि सगळं त्यांतच असतं. म्हणून यापुढे डॉक्टरने वेळ सांगितली की ती मनात दोन्ही बाजूंनी तीन-तीन तास ताणून घ्या, आणि मग स्वयंपाकीण काय म्हणाली ते परत वाचा. कादंबरीतलं वेळेचं कोडं त्यामुळे सुटेलच असं नाही, पण लेखकाची पकड किती आहे ते लगेच कळतं.

आता विषं. इथे मी ख्रिस्तीपुढे हात जोडतो. पहिल्या महायुद्धात तिने टॉर्कीच्या रुग्णालयात आधी परिचारिका म्हणून आणि मग औषधं बनवण्याच्या विभागात काम केलं. १९१७ साली तिने औषध तयार करण्याची परीक्षाही दिली. तुम्ही वाचलेली 'स्टाइल्स' तिने त्याच काळात लिहिली आणि ती १९२० साली प्रसिद्ध झाली. आमच्या पिढीने ज्या ग्रंथावर न्यायवैद्यक शिकलं, त्या डॉ. जे. पी. मोदींच्या पुस्तकाची पहिली आवृत्तीही १९२० चीच. मला हा योग फार आवडतो. 'स्टाइल्स'मधलं विष स्ट्रिक्निन, म्हणजे आपल्या काजऱ्याच्या, कुचल्याच्या बियांतलं. अंगाची कमान होणं, नुसत्या स्पर्शाने किंवा आवाजाने झटके येणं आणि रोगी शेवटपर्यंत शुद्धीवर असणं, हे वर्णन पाठ्यपुस्तकाला धरून आहे. शेवटी जो औषधांचा धागा उलगडतो, तोही खराखुरा रसायनशास्त्रातला आहे. इंग्लंडमधल्या औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकाने त्या पुस्तकाचं कौतुक केलं होतं आणि तिला त्याचा फार अभिमान होता. मला विचाराल तर कुठल्याही समीक्षकाच्या शाबासकीपेक्षा ती मोठी.

तिच्याच उत्तरकाळातल्या एका कादंबरीने तर एक जीव वाचवला. कादंबरीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कधीतरी तुमच्या हाती येईल. १९७७ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात कतारहून आणलेली एकोणीस महिन्यांची मुलगी होती आणि डॉक्टरांना निदान होत नव्हतं. तिथली एक परिचारिका ती कादंबरी वाचत होती. तिने मुलीचे केस गळताना पाहिले आणि थॅलियम या विषारी धातूची शंका बोलून दाखवली. तपासणीत ती खरी निघाली. घरात झुरळं-उंदीर मारायला वापरलेल्या औषधातून ते गेलं होतं. मुलगी बरी होऊन घरी गेली. विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी सांगत असे, कारण लक्षणं काळजीपूर्वक लिहिणारा लेखक आणि काळजीपूर्वक पाहणारी परिचारिका यांच्यात तिथे काही अंतर उरलं नव्हतं.

आपल्या भाषेत विषांची नावं किती जिवंत आहेत बघा: सोमल, बचनाग, धोतरा, काजरा, पिवळी कण्हेर. ही सगळी माणसांच्या तोंडी होती, परसात होती. तरीही मराठी रहस्यकथेत विष आलं की 'एक जहाल विष' एवढ्यावर भागवलेलं मी खूपदा वाचलं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. प्रत्यक्षात आमच्या जिल्ह्यात टेबलावर आलेली विषबाधा बहुतेक वेळा शेतीच्या औषधांची असायची. त्यातली मोठी संख्या खुनाची नव्हे, कर्ज, घरातलं भांडण आणि एका क्षणाची निराशा यांची. त्या मृतदेहांजवळ उभं राहिल्यावर विषाचं 'रहस्य' हा शब्द जिभेवर येत नाही.

सायनाइडबद्दलही तुम्ही विचारलंत. कडू बदामाचा वास येतो हे खरं, पण तो वास अनेकांना जन्मतःच येत नाही. त्यामुळे कादंबरीतला प्रत्येक डॉक्टर ग्लास हुंगून 'सायनाइड!' म्हणतो, त्यात नशिबाचा भाग मोठा. क्लोरोफॉर्मच्या रुमालाने क्षणात बेशुद्ध होणारी माणसं तर फक्त पुस्तकात असतात. त्याला काही मिनिटं लागतात आणि समोरचा माणूस तोवर गप्प बसत नाही.

आणखी एक गोष्ट कादंबऱ्या हमखास चुकवतात. संध्याकाळी खून, रात्री शवविच्छेदन, सकाळी विषाचा अहवाल. आपल्याकडे पीएम दिवसाउजेडी करायची पद्धत आहे आणि तिला सबळ कारण आहे. मुका मार लाल आहे की निळसर की हिरवट, यावरून तो किती जुना ते ठरतं, आणि पिवळ्या दिव्याखाली रंग फसवतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये चांगली सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतर पीएमला परवानगी दिली. पण खून, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू यांना त्यातून वगळलं, फक्त कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तरच सूट. विषाचा संशय असेल तर जठर, आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंड असे अवयव काचेच्या बरण्यांत मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतो, बरण्यांना लाखेचं सील करतो आणि त्या प्रयोगशाळेत जातात. फॉर्मॅलिनमध्ये ठेवत नाही, कारण त्याने विषाची तपासणी बिघडते. मग आम्ही लिहितो, 'मृत्यूच्या कारणाबद्दलचं मत राखून ठेवलं आहे.' घरचे लोक ते कागद हातात घेऊन विचारतात, "साहेब, म्हणजे नक्की काय?" आणि पुढचे आठवडे, कधी महिने, ते त्या एका वाक्यावर काढतात. हा काळ मी अजून एकाही मराठी कादंबरीत नीट आलेला वाचला नाही. कुणी लिहिला तर मी पहिला विकत घेईन.

कायद्याचं थोडक्यात. दिवाणखान्यात सगळ्यांना जमवून गुप्तहेर गुन्हेगाराकडून कबुली घेतो, ते नाट्य म्हणून उत्तम. पण आपल्याकडे पोलिसांसमोरची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं २३. १ जुलै २०२४ पासून खुनाचं कलमही ३०२ राहिलेलं नाही, भारतीय न्याय संहितेचं १०३ आहे, आणि मरणोत्तर पंचनामा १७४ ऐवजी नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ खाली होतो. नवी मराठी रहस्यकादंबरी हातात घ्याल तेव्हा घटना त्या तारखेनंतरची असून फौजदार '३०२ लावतो' म्हणत असेल, तर लेखक ठाण्यात गेलेला नाही हे समजून घ्या. अर्नाळकरांना मात्र ही फूटपट्टी लावू नका. हजारावर पुस्तकं लिहिणाऱ्या त्या माणसाने मराठी घरातल्या कितीतरी जणांना वाचायला बसवलं. त्यांच्या झुंजार या नायकाच्या गोष्टीत डॉक्टर नाडी पाहतो आणि गोष्ट पुढे पळते. तिथे पळण्याचाच आनंद घ्यायचा.

हिगाशिनोबद्दल इतकंच म्हणतो, की तो मुळात विद्युत अभियंता आणि ते पुस्तकाच्या बांधणीत दिसतं. खून कुणी केला हे पहिल्याच प्रकरणात सांगून टाकतो आणि मग एका गणिताच्या शिक्षकाने रचलेली बाजू कुठे उसवते ते बघत राहायचं. तुम्ही वाचलीच आहे, तेव्हा दिनक्रम आणि सवयींबद्दल मी वर जे म्हटलं ते डोक्यात ठेवून एकदा परत चाळा. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी इथेच थांबतो.

गोडी जाईल का? माझी गेली नाही. उलट चूक कुठे झाली ते कळतं, तसं एखाद्या लेखकाने किती कष्ट घेतले तेही कळतं.

आता क्रम. सर्वांत आधी ओस्मान घ्या. केंटमधल्या निवृत्तांच्या वसाहतीतले चार जण जुने खून उकरतात, त्यांत एक निवृत्त परिचारिका आहे, आणि सुरुवातीलाच तिला एका जखमेबद्दल जो प्रश्न विचारला जातो तो अगदी आमच्या व्यवसायातला आहे. २०२० चं पुस्तक आहे आणि आता मालिकेत पाच झाली आहेत, म्हणजे आवडलं तर पुढची सोय झाली. त्यात म्हातारपण आणि विसरत जाणं यावर जे आहे, त्यासाठी मला ते रहस्यापेक्षाही जवळचं वाटतं.

मग ब्योमकेश, पण सलग नको. शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या या कथा १९३२ पासूनच्या. दोन मोठ्या कादंबऱ्यांच्या मध्ये एकेक कथा घ्या. १९९३ साली दूरदर्शनवर मालिका लागायची तेव्हा तुम्ही पाहिली असेलच, तरीही वाचा. तो स्वतःला गुप्तहेर म्हणवत नाही, सत्यान्वेषी म्हणतो, आणि घर, नोकरचाकर, भाडेकरू, वारसा हे सगळं आपल्याला ओळखीचं असल्याने सवयींचे धागे तुम्हाला इंग्रजी कादंबरीपेक्षा लवकर दिसतील.

'होनजिन' मेपर्यंत राखून ठेवा. १९३७ सालचं जपानी खेडं, लग्नाची रात्र, अंगणात अखंड बर्फ आणि बर्फात रोवलेली तलवार. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी कूलरसमोर बसून वाचायला याहून चांगलं मला माहीत नाही. घराचा आराखडा कागदावर काढत वाचा. आपला वाडा म्हणजे दिंडी दरवाजा, जाड भिंती, आडणा. तिथे सरकत्या, कागदी पडद्यांची लाकडी दारं. असं घर 'आतून बंद' होतं कसं, हे नीट समजलं नाही तर अर्धं पुस्तक वाया जाईल.

आणि 'अँड देन देअर वर नन' शेवटी. दहा माणसं, एक बेट, १९३९ साल. बेटावरच्या दहांत एक डॉक्टरही आहे. ती एका बैठकीत वाचा, शक्यतो पावसाच्या दिवशी. एकच काळजी घ्या. या कादंबरीच्या वाचनालयातल्या प्रती मी दोनदा आणल्या आणि दोन्हींत कुणीतरी पहिल्या प्रकरणातच एका नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढून ठेवली होती. तुम्ही स्वतः पानं चाळू नका, ग्रंथपालांना चाळायला सांगा आणि कोरी प्रत मिळाली तरच घरी न्या.